ब्रेकची धूळ आणि कायद्याची नजर

युरोपीय महासंघाने एप्रिल २०२४ मध्ये संमत केलेल्या 'युरो ७' या वाहनप्रदूषणविषयक नियमावलीत एक आकडा असा आहे, ज्याकडे आपल्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. तो आकडा आहे किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम. पेट्रोल वा डिझेलवर चालणाऱ्या मोटारीच्या ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या सूक्ष्म कणांची ही कमाल मर्यादा होय. केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी ती ३ मिलिग्रॅम आहे, तर इंधनावर चालणाऱ्या मोठ्या व्हॅनसाठी ११ मिलिग्रॅम. नव्या प्रारूपांना २९ नोव्हेंबर २०२६ पासून आणि विक्रीस येणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीला त्यानंतर एका वर्षाने ही अट लागू करण्याचे नियमावलीने ठरवले आहे. वाहनांच्या प्रदूषणाचे कायदे गेल्या अर्धशतकाहून अधिक काळ सायलेन्सरच्या तोंडाशी खिळून राहिले होते. चाकापाशी निर्माण होणाऱ्या कणांना वजनाची मर्यादा घालणारा हा जगातील पहिलाच कायदा.

सात मिलिग्रॅम म्हणजे चिमटीतही न येणारी पूड. तिचा एवढा बाऊ कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडेल. परंतु वर्षाला दहा हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीसाठी ही पूड ७० ग्रॅम होते आणि अशा दहा लाख मोटारी एखाद्या महानगरात असतील तर ७० टन. हे झाले मर्यादा पाळणाऱ्या मोटारींचे. दुसरी तुलना अधिक बोलकी आहे. 'युरो ६' आणि आपल्याकडील 'बीएस ६' या दोन्ही मानकांनुसार मोटारीच्या सायलेन्सरमधून किलोमीटरमागे ४.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कण बाहेर पडता कामा नयेत. म्हणजे ज्या धुराच्या नावाने आपण आजवर बोटे मोडली, त्याला कायद्याने दिलेली मुभा ब्रेकच्या नव्या मर्यादेपेक्षाही कमी आहे.

हे कण येतात कोठून, हे समजून घेण्यासाठी शाळेतील पदार्थविज्ञान पुरेसे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी १२०० किलो वजनाची मोटार थांबवायची, तर सुमारे १६७ किलोज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. अर्धा लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते. सिग्नलवर थांबताना ही सगळी उष्णता काही सेकंदांत चाकांमागच्या बिडाच्या तबकड्या आणि त्यांना चिमट्यासारखे धरणारे ब्रेक पॅड यांच्यात निर्माण होते. त्यातही मोठा वाटा पुढच्या दोन चाकांचा. घर्षणात तबकडी झिजते आणि पॅडही झिजतो. हा पॅड म्हणजे एक मिश्रण असते: फेनॉलिक रेझिनने बांधलेले धातूंचे तंतू, बेरियमचे क्षार, अँटिमनीचे सल्फाइड, ग्रॅफाइट, झिर्कोनियमची संयुगे आणि कित्येक वर्षे तांबेही. झिजलेल्या पदार्थापैकी काही चाकाच्या रिमवर काळ्या थराच्या रूपाने बसतो, काही रस्त्यावर पडतो. उपलब्ध अभ्यासांनुसार निम्म्याच्या आसपास भाग मात्र हवेत तरंगत राहतो आणि श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो.

तापमानाचे महत्त्व येथे विशेष आहे. साध्या घर्षणातून सुटणारे कण तुलनेने जाड असतात. परंतु तबकडी फार तापली, सुमारे दोनशे अंशांच्या घरात गेली, की पॅडमधील रेझिनचे विघटन होऊ लागते आणि त्या वाफेतून अतिसूक्ष्म कणांचा लोंढा बाहेर पडतो. त्यांचे वजन नगण्य असते, संख्या मात्र अनेक पटींनी वाढते. बोरघाट उतरताना पुढच्या ट्रकच्या जळक्या लायनरचा जो उग्र वास काचा बंद करूनही येतो, तो याच प्रक्रियेचा पुरावा. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी, हा जुन्या चालकांचा सल्ला ब्रेक निकामी होऊ नयेत म्हणून दिलेला असला, तरी हवेच्या दृष्टीनेही तो तितकाच योग्य आहे.

मग या धुळीकडे इतकी वर्षे दुर्लक्ष का झाले? याचे उत्तर असे, की धुराने ती झाकून टाकली होती. डिझेलच्या काळ्या लोटांपुढे ब्रेकच्या पुडीची गणती कोण करणार? डिझेल मोटारींना कण अडवणारे फिल्टर बसले, इंधनातील गंधक कमी झाले, इंजिने सुधारली आणि युरोपातील सायलेन्सर खरोखरच स्वच्छ झाले. तेव्हा ओहोटीनंतर खडक उघडे पडावेत तशी ही धूळ दिसू लागली. ब्रिटिश सरकारच्या हवा-गुणवत्ता तज्ज्ञ गटाने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार त्या देशातील रस्ते वाहतुकीतून येणाऱ्या पीएम २.५ कणांपैकी वजनाने ६० टक्के आणि पीएम १० कणांपैकी ७३ टक्के कण हे ब्रेक, टायर आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या झिजेतून आलेले होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे 'ओईसीडी'ने, २०२० मध्ये याच विषयावर स्वतंत्र अहवाल काढला. रस्ते वाहतुकीतील बहुतांश कणप्रदूषण २०३५ पर्यंत धुराबाहेरील स्रोतांतून येऊ लागेल, असे त्यात म्हटले होते.

या आकड्यांचा चुकीचा अर्थ लावण्याचा मोह टाळायला हवा. 'ब्रेक धुरापेक्षा घातक' असे मथळे अधूनमधून झळकतात. झिजेचा वाटा वाढला तो प्रामुख्याने धुराचा वाटा घटल्यामुळे. शिवाय ब्रिटनची ही टक्केवारी जशीच्या तशी पुण्या-नागपूरला लावता येणार नाही, कारण आपल्या रस्त्यांवर जुने ट्रक आणि देखभाल न झालेली डिझेल वाहने अद्याप मुबलक आहेत. येथे धूर संपलेला नाही. पण तो कमी होत जाईल तसतशी आपलीही वाटचाल त्याच दिशेने होणार, यात शंका नाही.

आरोग्याबाबतचे पुरावे हळूहळू जमा होत आहेत. साउदम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार प्रकारच्या ब्रेक पॅडची धूळ प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी फुफ्फुसांच्या पेशींवर तपासली. तिच्यातील काही धूळ डिझेलच्या धुरातील कणांपेक्षाही अधिक अपायकारक आढळली. सर्वांत त्रासदायक ठरली ती ॲस्बेस्टॉसविरहित सेंद्रिय पॅडची धूळ, आणि तिच्यातील तांब्याशी हा अपाय जोडलेला दिसला. त्याआधी २०१६ मध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या बार्बरा माहर व सहकाऱ्यांना मेक्सिको सिटी व मँचेस्टर येथील व्यक्तींच्या मेंदूच्या नमुन्यांत मॅग्नेटाइट या लोहसंयुगाचे अतिसूक्ष्म कण सापडले होते. त्यांचा गोल आकार पाहता ते शरीरात तयार झालेले नसून उच्च तापमानाच्या प्रक्रियांतून हवेत आलेले असावेत, असा निष्कर्ष काढला गेला. पेशींवरील प्रयोग म्हणजे माणसांवरील परिणाम नव्हे आणि मेंदूत कण सापडणे म्हणजे त्यांनी आजार झाल्याचे सिद्ध होणे नव्हे, हे स्पष्ट आहे. परंतु ब्रेकची धूळ म्हणजे निरुपद्रवी माती, हा समज आता टिकणारा नाही.

साउदम्प्टनच्या निष्कर्षातील विरोधाभास तर विचार करायला लावणारा आहे. ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक म्हणून ब्रेकमधून हद्दपार झाले. त्याची जागा घेणाऱ्या मिश्रणांत उष्णता वाहून नेण्यासाठी तांबे घातले गेले, आणि आता तेच तांबे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहे. एक विष काढताना दुसरे आत आले, याची कुणाला कल्पना नव्हती; कारण बंदी घालणाऱ्या कायद्याने काय नको ते सांगितले होते, त्याऐवजी काय चालेल ते कुणी तपासले नव्हते.

तांब्याविरुद्ध पहिली तक्रार मात्र फुफ्फुसांच्या वतीने झाली नाही. ती झाली माशांच्या वतीने. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात येणाऱ्या पाण्यात तांब्याचे प्रमाण का वाढते, याचा शोध घेताना पावसाच्या पाण्याबरोबर रस्त्यांवरून वाहून येणारी ब्रेकची पूड सापडली. पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही सामन माशांची वास घेण्याची क्षमता बिघडवते आणि त्यामुळे शत्रूची चाहूल त्यांना लागत नाही. पालिका, पर्यावरणवादी संघटना आणि ब्रेक उत्पादक या तिघांनी मिळून अनेक वर्षे अभ्यास केला. अखेर २०१० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यानेही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार २०२१ पासून ब्रेक पॅडमधील तांबे वजनाच्या ५ टक्क्यांहून आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याहून अधिक असता कामा नये. शिसे, पारा, कॅडमियम आणि ॲस्बेस्टॉस यांनाही मर्यादा आली. पॅडच्या कडेवर छापलेल्या अक्षरांवरून तो कोणत्या श्रेणीचा आहे हे ओळखता येते. पुढे २०१५ मध्ये अमेरिकी पर्यावरण संस्था, राज्ये आणि उद्योग यांच्यात करार होऊन हीच पद्धत देशभर नेण्याचे ठरले.

या कायद्याची मेख अशी, की तो केवळ नव्या मोटारीला लागू होत नाही, दुकानातून विकत घेतलेल्या पॅडलाही लागू होतो. आणि तो अमलात आणायला महागडी यंत्रणा लागत नाही. पॅड घ्या, प्रयोगशाळेत त्यातील धातू मोजा, बस्स. याकडे पुन्हा यावे लागेल.

युरोपने दुसरा मार्ग धरला: घटकांऐवजी बाहेर पडणारे कण मोजायचे. हे म्हणायला सोपे आहे. सायलेन्सरला नळी लावून धूर गोळा करता येतो, पण ब्रेक उघड्यावर असतो. त्याची धूळ वारा नेतो, टायरची व रस्त्याची धूळ तिच्यात मिसळते. एकाच ब्रेकची दोन प्रयोगशाळांत चाचणी केली तर दोन वेगळी उत्तरे यायची. संयुक्त राष्ट्रांच्या जीनिव्हा येथील वाहन-नियम मंचाच्या तज्ज्ञ गटाने या प्रश्नावर अनेक वर्षे खर्ची घातली आणि जून २०२३ मध्ये 'जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २४' संमत झाला. त्यानुसार ब्रेक एका बंद कोठडीत बसवून त्यावरून स्वच्छ हवा ठरावीक वेगाने सोडतात आणि त्या हवेतील कण गोळा करून तोलतात. चाचणीत १९२ किलोमीटरचा प्रवास हुबेहूब उभा केला जातो, ब्रेक ३०३ वेळा दाबला जातो आणि हे सगळे सुमारे साडेचार तास चालते. ब्रेक कधी व किती जोरात दाबायचा याचे वेळापत्रक प्रत्यक्ष रस्त्यांवरील नोंदींवरून बेतले आहे आणि त्या नोंदसंग्रहात भारतातील रस्त्यांचीही भर आहे, ही बाब आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसेल.

मोजपट्टी हाती आल्यावरही राजकारण चुकले नाही. युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये 'युरो ७'चा मसुदा मांडताच मोटार कंपन्यांनी खर्चाची ओरड सुरू केली. मे २०२३ मध्ये फ्रान्स, इटली, पोलंड आदी आठ देशांनी मसुद्याला विरोध केला. तडजोडीत मोटारींच्या धुराच्या मर्यादा 'युरो ६'च्याच ठेवण्यात आल्या. थोडक्यात, मूळ मसुद्याचा कणाच मोडला. ब्रेकची मर्यादा मात्र वाचली. मसुद्यात पहिल्या टप्प्यासाठी सरसकट ७ मिलिग्रॅम सुचवले होते, त्याऐवजी वाहनाच्या प्रकारानुसार वेगवेगळे आकडे आले, एवढेच. हे कलम वाचण्यामागे पर्यावरणप्रेमापेक्षा व्यवहार अधिक असावा, असे मानायला जागा आहे. धुराच्या नव्या मर्यादांसाठी कंपन्यांना ज्या इंजिनांवर पाणी सोडायचे आहे त्यांच्यावरच पुन्हा पैसा ओतावा लागला असता. ब्रेक मात्र विजेच्या मोटारीलाही लागतात, आणि ते पुरवणाऱ्या कंपन्यांकडे उत्तरे तयार होती.

ती उत्तरे कोणती? पहिले आणि सर्वांत स्वस्त म्हणजे पॅडचे मिश्रण बदलणे. युरोपात पूर्वापार धातूचा अंश अधिक असलेले, घट्ट पकड देणारे, पण तबकडी खरवडणारे पॅड वापरले जातात. जर्मनीतील वेगमर्यादा नसलेल्या महामार्गांवर त्यांची गरज भासते. जपान व अमेरिकेत सेंद्रिय पॅड रूढ आहेत. त्यांची धूळ कमी पडते. दुसरे उत्तर तबकडीचे. साध्या बिडावर टंगस्टन कार्बाइडसारख्या अतिकठीण पदार्थाचा थर चढवला, की ती जवळजवळ झिजेनाशी होते. बॉशने २०१७ मध्ये अशी तबकडी आणली आणि धूळ नव्वद टक्क्यांपर्यंत घटते असा दावा केला. त्याच वर्षी पोर्शेने आपल्या मोटारीला तशाच तबकड्या बसवल्या आणि त्यांचे कॅलिपर मुद्दाम पांढरे रंगवले. धूळ उडत नाही हे दाखवण्यासाठी याहून चांगली जाहिरात कोणती? तेव्हा ही श्रीमंतांची चैन होती. आता लेझरच्या साह्याने असे थर मोठ्या प्रमाणावर व कमी वेळात चढवण्याचे तंत्र उद्योगाने विकसित केले आहे.

तिसरे उत्तर धूळ जागीच पकडण्याचे. तालानो या फ्रेंच कंपनीने पॅडमध्ये चरे पाडून तेथूनच हवा शोषून घेणारी यंत्रणा बनवली, तर जर्मनीच्या मान-हुमेलने कॅलिपरपाशी बसणारा फिल्टर. कल्पना चतुर आहेत. परंतु फिल्टर भरला की बदलायचा कुणी, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडे एअर फिल्टर बदलायलाही लोक दोन सर्व्हिसिंग लांबवतात.

आणि चौथे उत्तर म्हणजे चक्क आजोबांच्या काळातला ड्रम ब्रेक. त्याची झीज बंद डब्यात होते, त्यामुळे बरीच पूड आतच राहते. डिस्क ब्रेकच्या तुलनेत तो मागास मानला गेला; पण फोक्सवॅगनने आयडी ३ आणि आयडी ४ या विजेच्या मोटारींना मागील बाजूस ड्रमच बसवले. कारण असे, की विजेच्या मोटारीत वेग कमी करताना मोटरच जनित्रासारखी काम करून वीज निर्माण करते आणि गाडीचा वेग त्यातच बराचसा कमी होतो. खरा ब्रेक क्वचित वापरला जातो. न वापरलेली उघडी तबकडी गंजते आणि मग कधीतरी ब्रेक दाबल्यावर तो गंज हवेत उडतो. ड्रममध्ये ही अडचण नाही. आपल्या कित्येक छोट्या मोटारींना मागे ड्रम ब्रेक असतात, ते किमतीपायी. कधीकधी काटकसरही पर्यावरणाच्या पथ्यावर पडते.

विजेच्या मोटारी जड असतात म्हणून धुळीच्या बाबतीत त्या अधिक वाईट, असा प्रचार अलीकडे जोरात आहे. ब्रेकपुरता तरी तो खरा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात घर्षणाच्या ब्रेकचा वाटा ठरवणारा गुणांक साध्या मोटारीला १ आणि पूर्णतः विजेच्या मोटारीला ०.१७ धरला आहे, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. टायर आणि रस्त्याच्या झिजेबाबत मात्र वजनाचा मुद्दा रास्त आहे. 'ओईसीडी'च्या अहवालात सगळी झीज एकत्र धरता विजेच्या मोटारींचे पीएम १० कण ५ ते १९ टक्के कमी दाखवले होते. परंतु मोठ्या बॅटरीच्या जड मोटारींचे पीएम २.५ कण साध्या मोटारींपेक्षा ३ ते ८ टक्के अधिक भरले. तेव्हा 'शून्य प्रदूषण' ही पाटी विजेच्या मोटारीवरूनही उतरवावी लागेल.

'युरो ७'ची एक मर्यादा येथेच नोंदवायला हवी. हा कायदा वजन मोजतो, विषारीपणा मोजत नाही. कमी धूळ पाडणारा पॅड वजनाची परीक्षा पास होईल. पण साउदम्प्टनच्या प्रयोगात सर्वांत घातक ठरलेली धूळ नेमकी अशाच, तांबे असलेल्या सेंद्रिय पॅडची होती. ज्या अतिसूक्ष्म कणांना वजनच नाही, त्यांच्या संख्येवरील मर्यादा युरोपने पुढे ढकलली आहे. कॅलिफोर्नियाने घटक पाहिले आणि वजन पाहिले नाही. युरोपने वजन पाहिले आणि घटक पाहिले नाहीत. दोघांचे कायदे एकत्र ठेवले तर पुरा कायदा होतो.

आता आपल्याकडे पाहू. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या 'बीएस ६'मध्ये ब्रेकच्या कणांना मर्यादा नाही. 'पीयूसी'च्या केंद्रावर धूर तपासतात, त्यापलीकडे काही नाही. शहरांच्या हवेतील कणांचे स्रोत शोधणाऱ्या अहवालांत 'रस्त्यावरील धूळ' असे एक भलेमोठे सदर असते. ब्रेकची रस्त्यावर पडलेली पूड मातीत मिसळून पुन्हा उडते ती बव्हंशी याच सदरात जमा होते आणि वाहनांच्या खात्यावरून अलगद उतरते. खाते बदलले की उपायही बदलतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीनुसार त्यातील निधीपैकी ६४ टक्के रक्कम रस्त्यांची धूळ आवरण्यावर, म्हणजे फरसबंदी, खड्डे बुजवणे, पाणी शिंपडणे आणि झाडणारी यंत्रे यांवर खर्च झाली. वाहनांच्या प्रदूषणावर १३ टक्क्यांहूनही कमी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार. झाडणाऱ्या यंत्राने रस्त्यावरची पूड उचलली जाईलही, पण जी चाकापासून थेट सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जाते, तिला झाडूचा काय उपयोग?

गंमत अशी, की या विषयातील जाणकारी महाराष्ट्रात आहे. ब्रेम्बो या इटालियन ब्रेक कंपनीचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे. दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स कंपनी वाळूजची. वाहनांच्या अधिकृत चाचण्या करणारी 'एआरएआय' पुण्यात १९६६ पासून काम करते. युरोपात विकल्या जाणाऱ्या मोटारींसाठी सुटे भाग बनवणाऱ्याला ७ मिलिग्रॅमची अट पाळावीच लागणार आणि अमेरिकेत पॅड विकणाऱ्याला तांबे काढावेच लागणार. तोच उद्योग देशातील ग्राहकाला काय देतो, याबद्दल मात्र कायदा मौन बाळगून आहे. जागतिक तांत्रिक नियम ज्या १९९८ च्या करारान्वये होतात, त्याचा भारत २००६ पासून सदस्य आहे. मोजण्याची पद्धत नव्याने शोधून काढण्याची आपल्याला गरज नाही.

तरीही युरोपचा कायदा उचलून येथे चिकटवला तर फारसे साधणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. युरोपची परीक्षा नव्या मोटारीची असते. आपल्याकडे मोटार दहा-पंधरा वर्षे सहज चालते आणि तेवढ्यात तिचे पॅड अनेकदा बदलले जातात. वॉरंटी संपली की ग्राहक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरऐवजी कोपऱ्यावरच्या गॅरेजकडे वळतो आणि 'कंपनीचा टाकू की लोकल?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा किमतीवर ठरते. त्या स्वस्त पॅडमध्ये काय आहे, हे गॅरेजवाल्यालाही माहीत नसते. नेमके येथेच घोडे पेंड खाते. म्हणून आपल्याकडे आरंभ करायचा तर कॅलिफोर्नियाच्या पद्धतीने, सुट्या पॅडपासून करावा लागेल: तांबे, अँटिमनी आणि जड धातूंना मर्यादा, ॲस्बेस्टॉसला पूर्ण मनाई आणि खोक्यावर व पॅडवर दिसेल अशी खूण. भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर आजही सरसकट बंदी नाही, हे पाहता ही तरतूद औपचारिक ठरणार नाही. नव्या मोटारींसाठी किलोमीटरमागची मर्यादा त्यापाठोपाठ आणता येईल.

शहर बस हा दुसरा मोठा मुद्दा. दर काहीशे मीटरवर थांबणाऱ्या अवजड बसइतके ब्रेक दुसरे कुणी झिजवत नाही, आणि म्हणूनच ब्रेक दाबताना वीज परत मिळवण्याचा लाभही बसलाच सर्वाधिक होतो. पुण्यात 'पीएमपी'च्या ताफ्यात २०१९ पासून विजेच्या बस आहेत, मुंबईत 'बेस्ट'कडेही आहेत. त्यांचा हिशेब आजवर डिझेलची बचत आणि धूर एवढ्यावरच मांडला गेला. डिझेल बसचे लायनर किती दिवसांनी बदलावे लागतात आणि विजेच्या बसचे किती दिवसांनी, याची नोंद प्रत्येक डेपोच्या वर्कशॉपमध्ये असतेच. ती प्रसिद्ध केली तर ब्रेकच्या धुळीचा एक अंदाज फुकटात हाती येईल.

गतिरोधकांचे काय, असेही कुणी विचारेल. ज्या रस्त्यावर दर शंभर मीटरला ओबडधोबड उंचवटा आहे, तेथे प्रत्येक वाहन विनाकारण ब्रेक दाबते, पुन्हा वेग घेते आणि पुन्हा दाबते. अपघात टाळण्यासाठी ते हवेत हे मान्य. पण मानकानुसार आखलेले आणि मानकानुसार अंतरावर असलेले किती, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहावे.

सर्वांत अवघड भाग राहतो तो दुचाकींचा. देशातील नोंदणीकृत वाहनांपैकी सुमारे तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. वजन कमी असल्याने एका दुचाकीची पूड मोटारीपेक्षा कमी असणार हे उघड आहे. परंतु संख्या प्रचंड, आणि चालकाचे नाक पुढच्या वाहनाच्या चाकापासून हाकेच्या अंतरावर. त्यातच ड्रमकडून डिस्ककडे दुचाकींचा प्रवास वेगाने सुरू आहे. सुरक्षेच्या दृष्टीने तो स्वागतार्ह आहे, धुळीच्या दृष्टीने तो बंद डब्यातून उघड्यावर येण्याचा प्रवास आहे. संयुक्त राष्ट्रांचा चोविसावा नियम मोटारी आणि हलक्या व्हॅनपुरता आहे, दुचाकी त्यात नाहीत. युरोपच्या रस्त्यांवर दुचाकींचा वाटा अल्प असल्याने त्यांच्यासाठी चाचणी लिहिण्याची घाई तेथे कुणाला असण्याचे कारण नाही. ती घाई ज्या देशाला आहे, त्याच देशाच्या प्रयोगशाळेत दुचाकीचा ब्रेक बंद कोठडीत बसवून, आपल्या शहरांतील वाहतुकीप्रमाणे तो दाबून पाहावा लागेल आणि किलोमीटरमागे किती मिलिग्रॅम पूड निघते ते प्रथम लिहून काढावे लागेल.